लहान मुलांचं कुपोषण मोजायचं कसं: वजन, उंची की दंडाची पट्टी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगरकडच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर आणि आमच्याबरोबर इंदूरच्या वस्त्यांमध्ये मापं घ्यायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एका जागी ठेवलेत. बरेचसे आज्यांचे आहेत, काही अंगणवाडीच्या दीदींचे, आणि अवघड वाले बहुतेक त्या कॉलेजच्या पोरांचे. उत्तर दुसरीकडे दिलं असेल तिथे प्रश्नाचा नंबर टाकलाय. बाळ सुस्त पडलं असेल, दूध ओढत नसेल किंवा पायांवर सूज असेल तर हे वाचत बसू नका, आधी डॉक्टरकडे न्या.

१. कुपोषण म्हणजे वजन कमी, एवढंच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. वजन, उंची आणि वय ही तीन मापं एकमेकांशी लावली की तीन वेगळ्या गोष्टी कळतात. वयाच्या मानाने वजन कमी म्हणजे कमी वजनाचं मूल, सरकारी कागदांत अंडरवेट. वयाच्या मानाने उंची कमी म्हणजे वाढ खुंटलेली, स्टंटिंग, हे काही आठवड्यात होत नाही, गरोदरपणापासून पहिल्या दोन वर्षांत साचत जातं. आणि उंचीच्या मानाने वजन कमी म्हणजे मूल रोडावलेलं, वेस्टिंग, हे सहसा हल्लीचं असतं (जुलाब, गोवर, घरात खायची टंचाई) आणि जीवाला धोका यात सगळ्यात जवळचा. याशिवाय दंडाचा घेर आहे, प्रश्न ५ बघा, आणि दोन्ही पायांवरची सूज आहे, प्रश्न ११ बघा.

एक उदाहरण घ्या. मुलगी बरोब्बर दोन वर्षांची, वजन ८.८ किलो, उभं करून उंची ७८ सेमी. या वयाच्या मुलीला वजनाची खालची रेघ ९ किलो आहे आणि उंचीची ७९.३ सेमी, म्हणजे ती कमी वजनाचीही आहे आणि खुंटलेलीही. पण ७८ सेमी उंचीच्या मुलीला ८.८ किलो हे वजन थोडं कमी असलं तरी रेघेच्या वरच आहे, म्हणजे ती रोडावलेली नाही. आता तिला नुसतं काट्यावर ठेवून "वजन कमी आहे, खायला घाला" असं सांगितलं तर पुढच्या वर्षभरात ती जाड होईल, उंच होईलच असं नाही. एकच मूल, तीन मापं, तीन उत्तरं, आणि तिन्ही खरी.

२. अंगणवाडीच्या चार्टवरचा हिरवा, पिवळा, लाल कुठून येतो? हे रंग कोण ठरवतं?

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढलेल्या वाढीच्या मानकांवरून. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या मुलांची मापं घेतली होती: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. आपल्याकडे आयसीडीएसमध्ये, म्हणजे अंगणवाड्यांमध्ये, ही मानकं २००८ साली घेतली. त्याआधी बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेची १९७२ ची टक्केवारीवाली पद्धत चालायची, पहिली श्रेणी, दुसरी श्रेणी, चौथीपर्यंत. जुन्या लोकांच्या तोंडी अजून "ग्रेड तीनचं बाळ" येतं ते तिथून. ती पद्धत फक्त वयानुसार वजन बघायची, उंची तिच्यात कुठेच नव्हती, त्यामुळे जुने आकडे नव्या आकड्यांशेजारी ठेवून "कुपोषण वाढलं" किंवा "घटलं" म्हणता येत नाही.

आता वजन-उंची पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरतात आणि रंग ॲपच काढतं. सोय मोठी आहे, पण त्यामुळे एक गोष्ट झालीये, आत आकडा कसाही गेला तरी बाहेर रंग येतोच आणि स्क्रीनवर आला म्हणून लोक तो खरा धरतात.

३. झेड स्कोर मायनस दोन, मायनस तीन हे काय लचांड आहे, साध्या मराठीत सांगा

त्याच वयाच्या, नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या निरोगी मुलांच्या मधल्या आकड्यापासून आपलं मूल किती पायऱ्या खाली किंवा वर आहे, ते. शून्य म्हणजे मधोमध. वर्षाच्या मुलग्याचं मधलं वजन ९.६ किलो, मायनस दोनची रेघ ७.७ किलोवर, मायनस तीनची ६.९ वर. मुलीसाठी हेच आकडे ८.९, ७ आणि ६.३. मायनस दोनच्या खाली मध्यम, मायनस तीनच्या खाली तीव्र. निरोगी मुलांतही शंभरात दोनेक मूल मायनस दोनच्या खाली असतंच, त्यामुळे एका मुलाचा स्कोर मायनस २.१ आला म्हणून रडारड करायची गरज नाही, पण वस्तीतल्या शंभरातली तीस तिथे असतील तर ते नशीब नव्हे.

सॅम (तीव्र कुपोषण) आणि मॅम (मध्यम कुपोषण) हे शब्द मात्र अंडरवेटसाठी वापरू नका, ते फक्त रोडपणा, दंडघेर आणि सुजेसाठी आहेत. उंचीनुसार वजन मायनस तीनच्या खाली, किंवा दंडघेर ११.५ सेमीच्या खाली, किंवा दोन्ही पायांवर सूज, यातलं काहीही एक असलं की सॅम.

४. आमच्या घरात सगळेच लहान चणीचे. माझ्या नातवाला नॉर्वे-अमेरिकेच्या पोरांच्या चार्टवर कशाला बसवता?

आजी, हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि अगदीच चुकीचा नाहीये. पण वर लिहिलंय तसं त्या सहा देशांत दिल्लीची मुलंही होती, आणि तिथे मुलं निवडताना आई सिगरेट ओढणारी नको, बाळाला आईचं दूध मिळालेलं हवं, घरची परिस्थिती बरी हवी अशा अटी होत्या. अशा घरांतली मुलं पाच वर्षांपर्यंत कुठल्याही देशात जवळपास सारखीच वाढली, हेच त्या अभ्यासातून निघालं. अंगकाठीचा फरक पुढे दिसतो, पहिल्या वर्षा-दोन वर्षांत कमीच. आपल्याकडच्या काही तज्ज्ञांना हे पटत नाही, हे मानक भारतात खुंटलेल्यांची संख्या फुगवतं असं त्यांचं म्हणणं आहे आणि तो वाद चालूच आहे. मला विचाराल तर मूल एकदा चार्टवर कुठे बसलं यापेक्षा ते स्वतःच्या रेघेवरून घसरतंय का ते बघा. आई-बाबा दोघं बुटके आणि मूल पहिल्यापासून मायनस दीडवर सरळ चाललंय, तर ठीक आहे. शून्यावर होतं आणि सहा महिन्यांत मायनस दीडवर आलं तर रंग अजून हिरवाच दिसेल, पण काहीतरी बिघडलंय.

५. दंडघेराची पट्टी नेमकी लावायची कशी? दीदी लावते तेव्हा दोन सेकंदात होतं, आम्ही लावली की दर वेळी वेगळं माप येतं

जागा चुकते म्हणून. डावा हात घ्या, बाही पूर्ण वर किंवा कपडा काढूनच टाका. कोपर काटकोनात वाकवा, खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्यामधलं अंतर मोजा, मध्यावर पेनाने खूण करा. मग हात सरळ खाली सोडायला लावा, ढिला. पट्टी त्या खुणेवर गुंडाळून खिडकीतून ओढा, कातडीला सगळीकडे टेकली पाहिजे पण कातडी चिमटायला नको, पट्टीच्या कडेने मांस वर आलं तर जास्त ओढलीत, खालून बोट सहज गेलं तर सैल आहे. खिडकीतल्या बाणाशी आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा. अंदाजाने मध्य धरला की पट्टी वर किंवा खाली सरकते आणि ११.४ चं ११.८ व्हायला एवढं पुरतं.

घरच्या आयांना हे जमतं का, असंही विचारतात. जमतं. आफ्रिकेत नायजरमध्ये आयांना पट्टी शिकवून बघितली तेव्हा त्यांची मापं आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मापांशी चांगली जुळली.

६. सहा महिन्यांच्या आणि साडेचार वर्षांच्या पोराला एकच ११.५ सेमी? असं कसं चालेल?

चालतं, कारण या वयात दंडाचा घेर वजन-उंचीसारखा झपाट्याने वाढत नाही. पण पूर्ण बरोबर नाहीये. एकच रेघ सगळ्यांना लावली की पट्टीत लहान मुलं जास्त सापडतात, मुली जास्त सापडतात आणि खुंटलेली मुलंही जास्त सापडतात. यावर एक बाजू म्हणते की हा दोष आहे, दुसरी म्हणते उलट चांगलंच आहे, कारण सगळ्यात धोका लहान बाळांनाच असतो आणि तीच आधी पकडली जातात. मला दुसरी बाजू पटते, फक्त चार वर्षांचं मूल पट्टीत हिरवं आलं तर निर्धास्त होऊ नका, त्याची वजन-उंची घ्याच.

७. वजन-उंचीने सॅम निघाला आणि पट्टीवर हिरवा. आता खरं कोण?

दोघंही. या पानावरचा सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हा आहे आणि अंगणवाडीत यावरून भांडणं होतात, सुपरवायझर म्हणते माप चुकलं, दीदी म्हणते तीनदा घेतलं. मापं दोन्ही नीट घेतली तरी असं होणारच, कारण ती दोन वेगळ्या गोष्टी बघतात. दंडघेर म्हणजे दंडावरचं मांस आणि चरबी, शरीराचा साठा. उंचीनुसार वजन म्हणजे पूर्ण शरीराचं वजन, हाडं, पोट, डोकं सगळं धरून, आणि त्यात शरीराची ठेवणही येते: लांब पायांचं, आखूड धडाचं मूल उंचीला जास्त भरतं पण वजनाला नाही, मग ते कागदावर रोडावलेलं दिसतं. उलट खुंटलेल्या लहान बाळाची उंचीच कमी, त्यामुळे उंचीनुसार वजन ठीक येतं आणि दंड मात्र बारीक असतो.

भारतात ही तफावत खूपच मोठी आहे. २०१६ ते १८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात, ज्याला सीएनएनएस म्हणतात, उंचीनुसार वजनाने रोडावलेली मुलं १७ टक्के निघाली आणि त्याच सर्वेक्षणात १२.५ सेमीच्या, म्हणजे पट्टीच्या पिवळ्या रेघेच्या, खाली दंडघेर असलेली फक्त ५ टक्के. म्हणजे नुसती पट्टी फिरवली तर उंची-वजनाने निघणारी बरीच मुलं आपल्या हातातून सुटतात.

मग करायचं काय? कुठल्याही एका मापाने सॅम आला तर सॅम धरायचा. दुसऱ्या मापाने "पण हे तर हिरवं" म्हणून नाव काढायचं नाही. दंडघेर कमी असलेल्यांना मृत्यूचा धोका जास्त असतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, म्हणून जागा किंवा माणसं कमी असतील तर आधी ती मुलं, पण उरलेल्यांना घरी पाठवून विसरायचं नाही. फक्त रंग जुळत नाहीत म्हणून पुन्हा माप घ्यायला हरकत नाही, माप जुळवून आणायला मात्र हरकत आहे. दोन्हीतला फरक सगळ्यांना कळतो.

८. आम्ही कॉलेजतर्फे एका रविवारी वस्तीत जाणार आहोत, एकच पद्धत नेता येईल. कुठली?

पट्टी. खिशात मावते, वय महिन्यापर्यंत नेमकं लागत नाही, वीज नको, मूल फार रडत नाही, आणि एका दुपारी पूर्ण गल्ली होते. सोबत पायाची सूज बघा, त्याला काहीच लागत नाही. पण नंतर रिपोर्टमध्ये "वस्तीत इतके टक्के कुपोषण" असं लिहू नका, "१२.५ सेमीच्या खाली दंडघेर इतक्यांचा" असं लिहा, प्रश्न ७ वाचला असेल तर कारण सांगायला नको. खुंटलेपणाबद्दल बोलायचं असेल तर पट्टी काहीच सांगत नाही, तिथे उंची आणि खरी जन्मतारीख दोन्ही लागतात.

९. उंची झोपवून घ्यायची की उभं करून? दोन्हीत एवढा काय फरक पडतो?

दोन वर्षांच्या आत झोपवून, दोन वर्षं पूर्ण झाली की उभं करून. फरक ०.७ सेमी धरतात, झोपलेलं मूल तेवढं लांब भरतं. दीड वर्षाचं पोर झोपायलाच तयार नाही म्हणून उभं मोजलंत तर ०.७ मिळवा, अडीच वर्षांच्याला झोपवून मोजलंत तर ०.७ वजा करा. वय कळतच नसेल तर ८७ सेमीच्या आतल्या मुलाला झोपवून घ्या.

पण खरी चूक ०.७ ची नसतेच, ती दोन-तीन सेमीची असते. इन्फंटोमीटरवर, म्हणजे लांबी मोजायच्या फळीवर, बाळ झोपवलं की एकाने डोकं धरायचं, नुसतं धरायचं नाही तर डोक्याचा वरचा भाग फळीला टेकवून, नजर सरळ वर छताकडे. दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी टाचांना टेकवायची, बोटांना नाही. एकट्या दीदीला हे जमत नाही, आईला डोकं धरायला लावलं की ती पोराला गप्प करायला वाकते आणि डोकं फळीपासून सुटतं, मूल लांब भरतं. मुलींची वेणी किंवा वर बांधलेला बो असेल तरी तसंच, उंच भरतं. ७५ सेमीच्या आसपासच्या बाळाची लांबी एक सेमी चुकली की त्या लांबीला अपेक्षित वजन साधारण २०० ग्रॅमने हलतं, तीन सेमी चुकली तर रंगच बदलतो. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून टेपने मोजणं हे माप नव्हे, ती आठवण म्हणून ठीक आहे.

१०. आमच्याकडे बाथरूमवाला वजनकाटा आहे, आईने बाळ घेऊन उभं राहायचं आणि मग आईचं वजन वजा करायचं, चालेल?

घरगुती अंदाजाला चालेल, रंग ठरवायला नाही. त्या काट्यांची चूक सहज अर्धा किलोपर्यंत जाते आणि दोनदा मोजून वजाबाकी केली की दोन्ही चुका त्यात येतात. वर्षाच्या मुलग्याला मायनस दोन आणि मायनस तीनच्या रेघांमध्ये अंतरच ८०० ग्रॅमचं आहे. अंगणवाडीत लटकवायचा साल्टर काटा किंवा डिजिटल काटा असतो तो वापरा, झोळी लावून आधी शून्यावर आणा, भरलेला डायपर काढा, थंडीत स्वेटर-टोपी काढा. जानेवारीत इंदूरच्या थंडीत आया कपडे काढू देत नाहीत हे मान्य आहे, तर खोली बंद करून पटकन घ्या, पण "स्वेटरचे तीनशे ग्रॅम वजा" असं मनाने करू नका.

११. पायावर सूज असली तर वजन जास्तच भरणार ना? मग ते मूल कुपोषित कसं?

म्हणूनच ते सगळ्यात फसवं. सूज म्हणजे पाणी, आणि पाण्याने वजनही वाढतं आणि गालही भरलेले दिसतात, घरचे म्हणतात बाळ गुबगुबीत झालं. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबा, बोट काढल्यावर खळगा राहिला तर सूज आहे. एकाच पायावर असेल तर मार लागला असेल किंवा काही चावलं असेल, ती वेगळी गोष्ट. दोन्हीकडे असेल तर वजन, उंची, पट्टी काहीही म्हणो, सॅम आहे आणि थेट दवाखाना. सूज किडनी किंवा हृदयाच्या आजारानेही येते, ते डॉक्टर बघतील, पण त्या शंकेपायी घरी थांबायचं नाही.

१२. जन्मतारीख कोणालाच आठवत नाही. वय कसं काढायचं?

आधी कागद: ममता कार्ड, जन्मदाखला, लसीकरणाची तारीख. नसेल तर सण विचारा. वस्तीत हे फार छान चालतं. "अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या आधी की नंतर?", "रंगपंचमीच्या गेरला पोटात होतं की कडेवर?", शेजारच्या कोणाच्या लग्नाच्या वेळी, कुठल्या पावसाळ्यात. दोन-तीन खुणा जुळल्या की महिना सापडतो. वय गोल करून "एक वर्षाचा असेल" असं लिहिणं महागात पडतं. मुलगा ७.९ किलोचा आहे, तो १२ महिन्यांचा असेल तर रेघेच्या वर, कारण रेघ ७.७ ला आहे, आणि १४ महिन्यांचा असेल तर रेघेच्या खाली, कारण ती ८.१ ला गेली. मूल तेच, काटा तोच. वय जमलंच नाही तर वयाची दोन्ही मापं सोडा आणि उंचीनुसार वजन व पट्टीवर काम करा.

१३. पोटभर खातो, सकाळी पोहे, संध्याकाळी शेव-परमल, तरी खुंटलेला कसा?

पोट भरणं वेगळं. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांसाठी आहाराचं एक साधं माप आहे, कालच्या दिवसात आठ गटांपैकी निदान पाच गटांतलं काही पोटात गेलं का: आईचं दूध, धान्य-बटाटे, डाळी-दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गाजर-पालक-आंब्यासारख्या अ जीवनसत्त्वाच्या भाज्या-फळं, आणि बाकीच्या भाज्या-फळं. पोहे धान्यात, परमल म्हणजे कुरमुरे, तेही धान्यात, शेव फार तर डाळीत. दोन गट झाले. हे माप मूल आज कुपोषित आहे का ते सांगत नाही, घर कुठल्या वाटेने चाललंय ते सांगतं, त्यामुळे काट्याच्या जागी हे वापरू नका, काट्याच्या जोडीला वापरा.

१४. रक्त तपासून कुपोषण कळत नाही का? सरळ लॅबमध्ये जातो ना

नाही. हिमोग्लोबिनवरून ॲनिमिया कळतो, आणि तो उंची-वजन एकदम व्यवस्थित असलेल्या मुलांतही भरपूर आहे, एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के. तो वेगळा प्रश्न आहे आणि तपासायलाच हवा. अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा, रिपोर्ट घेऊन काही लोक येतात, पण ते इन्फेक्शनमध्येही घसरतं, त्यावरून सॅम ठरत नाही.

१५. अनुभवी डोळ्याला नुसतं बघून कळत नाही?

टोकाचं कळतं: बरगड्या, सुरकुतलेले ढुंगण, म्हाताऱ्यासारखा चेहरा, तांबूस विरळ केस. पण तोवर फार उशीर झालेला असतो, आणि जिथे सगळीच मुलं बारीक तिथे डोळा बारीकपणाला सरावतो. खुंटलेलं मूल तर डोळ्याला अजिबात कळत नाही, अंगाने प्रमाणात असतं, लोक त्याला वयाने लहान समजतात. पूर्वी आपल्याकडे बांगडीची चाचणी सांगायचे, ४ सेमी आतल्या व्यासाची बांगडी कोपराच्या वर दंडावर सरकली तर मूल कुपोषित. गंमत म्हणजे त्या बांगडीचा घेर काढलात तर साडेबारा सेमीच्या आसपास येतो, आजच्या पट्टीची पिवळी रेघ.

१६. कपाटात जुनी पट्टी सापडली, तिच्यात लाल रंग १२.५ पर्यंत आहे. वापरू?

रंग वापरू नका, आकडे वापरा. जुन्या शकीर पट्टीत १२.५ च्या खाली लाल, १२.५ ते १३.५ पिवळा. आताच्या पट्टीत ११.५ च्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळा. मधल्या काळातल्या काही पट्ट्यांवर ११ ची रेघही आहे. एकाच केंद्रात दोन प्रकारच्या पट्ट्या फिरत असतील तर जुनी सरळ फेकून द्या, "लाल" म्हणजे काय हे प्रत्येकीचं वेगळं होतं. कापडाची किंवा धुऊन ताणलेली पट्टी असेल तीही.

१७. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, आणि वेळेआधी जन्मलेलं बाळ, यांचं काय?

सहा महिन्यांच्या आत ११.५ ची रेघ लागू नाही. तिथे वजन वाढतंय का ते बघणं मुख्य: पहिल्या काही दिवसांत थोडं वजन उतरतं ते दोन आठवड्यांत परत यायला हवं, पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात सहा आठवडे ते सहा महिने या वयाला ११ सेमीच्या खाली दंडघेर हीसुद्धा धोक्याची खूण धरलीये, वयानुसार किंवा लांबीनुसार वजन मायनस दोनच्या खाली असणं हीही. यातलं काही आलं तर दूध पाजण्याची पद्धत आणि आईची तब्येत दोन्ही तपासायच्या, पावडर दुधाचा डबा आणायला धावायचं नाही.

लवकर जन्मलेल्याचं वय सुधारून धरायचं. ४० आठवड्यांऐवजी ३२ व्या आठवड्यात झालं असेल तर आठ आठवडे वजा, म्हणजे सहा महिन्यांचं बाळ चार्टवर चार महिन्यांचं. दोन वर्षांपर्यंत असं करतात. ॲपमध्ये खरी जन्मतारीख जाते, त्यामुळे अशी बाळं तिथे उगाच लाल येतात, कार्डावर शेरा मारून ठेवा.

१८. जुलाब चालू असताना माप घेतलं आणि लाल आलं. धरायचं का?

पाणी कमी झालं की वजन उतरतं, त्यामुळे उंचीनुसार वजन खोटं वाईट दिसू शकतं. दंडघेरावर पाण्याचा परिणाम कमी होतो, म्हणून त्या दिवशी पट्टीवर जास्त भरवसा. ओआरएस आणि उपचार आधी, मूल सावरलं की वजन पुन्हा. पण "बरं झाल्यावर बघू" म्हणून दोन महिने जाऊ देऊ नका, जुलाबानंतरच मुलं रोडावतात.

१९. सॅम निघालं म्हणजे एनआरसीत भरती करावंच लागतं? आई दोन आठवडे घर कसं सोडेल?

प्रत्येकाला नाही. भूक चांगली आहे, ताप-जुलाब-सूज नाही, मूल खेळतंय, तर घरी राहून उपचार आणि दर आठवड्याला तपासणी होऊ शकते. खायला घातलं तरी तोंड फिरवतं, सूज आहे, सुस्त आहे, तर पोषण पुनर्वास केंद्र, म्हणजेच एनआरसी, तिथे साधारण १४ दिवस धरतात. सहा महिन्यांच्या आतलं असेल तर डॉक्टरलाच ठरवू द्या. घरी मोठी मुलं आहेत, मजुरी बुडते, या अडचणी खऱ्या आहेत, म्हणून भरती सांगण्याआधी घरी मागे कोण बघेल ते आईबरोबर बसून ठरवा, नाहीतर ती तिसऱ्या दिवशी उठून येते.

आणि बरं झालं हे ज्या मापाने आत घेतलं त्याच मापाने ठरवायचं. पट्टीने घेतलं तर १२.५ च्या वर जाईपर्यंत, वजन-उंचीने घेतलं तर मायनस दोनच्या वर येईपर्यंत, सूज असेल तर ती जाऊन दोन आठवडे परत न येईपर्यंत. पट्टीने आत घेऊन वजन-उंचीने बाहेर काढलं की निम्मं काम राहतं.

२०. जाडजूड मूल खुंटलेलं असू शकतं?

हो, आणि शहरात वाढतंय. उंची कमी, बिस्किटं-मॅगीवर वजन चढलेलं, उंचीनुसार वजन प्लस दोनच्या वर. अंगणवाडीत आधी अंडरवेट बघतात तिथे असं मूल मस्त हिरवं दिसतं. म्हणून उंची.

२१. पेपरात एनएफएचएसचे आकडे वेगळे आणि पोषण ट्रॅकरचे कमी. कोणीतरी खोटं बोलतंय?

तसंच असेल असं नाही. एनएफएचएस-५ मध्ये, २०१९ ते २१, मध्य प्रदेशात खुंटलेली ३५.७ टक्के आणि कमी वजनाची ३३ टक्के मुलं निघाली. ते घरोघरी नमुना काढून घेतलेलं सर्वेक्षण, त्यात अंगणवाडीत न जाणारीही येतात. ट्रॅकरमध्ये फक्त अंगणवाडीत नाव असलेली आणि त्या महिन्यात मोजलेली मुलं. शिवाय सर्वेक्षणात मोजणारा बाहेरचा, इथे मोजणारीला पुढे लाल मुलाच्या फेऱ्याही तिलाच माराव्या लागतात. दोन्ही आकडे कामाचे आहेत पण एकाच ग्राफवर काढायचे नाहीत.

२२. माझ्या भाचीला सेरेब्रल पाल्सी आहे, पाय सरळ होत नाहीत. तिची उंची कशी घेणार?

नेहमीसारखी घेऊ नका, जबरदस्तीने गुडघे दाबायचे नाहीत. अशा मुलांत गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजून उंचीचा अंदाज काढतात, ते फिजिओथेरपिस्ट किंवा बालरोगतज्ज्ञांकडून करून घ्या. घरी वजन आणि दंडघेर दर महिन्याला एकाच हाताला, जो हात कमी आखडलेला आहे त्याला मोजून वहीत लिहा, चार्टवरचा रंग तिच्यासाठी फारसा कामाचा नाही, वहीतले आकडे वर जातायत की खाली ते बघायचं. डाऊन सिंड्रोमच्या मुलांसाठी वेगळे वाढीचे तक्ते निघालेत, डॉक्टरांना तेच लावायला सांगा.